भुवईवरची खोक

५ जानेवारी

माणसाच्या हातून एखादं मोठं काम होणार असेल, तर ते कसं झालं हे त्याने स्वतःच लिहून ठेवावं. नंतर लोक सोयीचं तेवढंच सांगतात. म्हणून हा उद्योग.

आज दिग्दर्शकाने ऑफिसात बोलावून खुर्ची दिली. एरवी मेकअपवाल्याला दारातच काम सांगतात, त्यामुळे खुर्ची दिसली की मी सावध होतो. आमची भुताखेतांची मालिका आता चौथ्या वर्षात आहे. तिच्यात आमचे ज्येष्ठ नट अण्णा झालेत आचार्य: झपाटलेल्या घरांतून भुतं घालवणारा म्हातारा गुरू, आणि हाताखाली चार शिष्य. लोक अण्णांसाठी बघतात, बाकी सगळी भरती. तर आता कथेला वळण असं, की शिष्यांना छळणारं नवं भूत म्हणजे आचार्यांचंच तरुणपण. तरुणपणी आचार्य मस्तवाल होते. मित्रांशी पैज लावून पडक्या घरात आत्मा बोलवायला गेले, भिंत कोसळली, एक मित्र खाली सापडला आणि हे पळाले. ते पळालेलं तरुणपण आता जाब विचारायला परत आलंय.

"भूत म्हणजे पंचविशीतले अण्णा हवेत," दिग्दर्शक म्हणाला. "कॉम्प्युटरवर केलं तर मेणाचा पुतळा दिसतो. तुमच्या हातून होईल का?"

"पोरगा कोण?"

"चॉकलेट."

हा आमचा नवा हिरो. त्याला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. गुळगुळीत, गोरागोमटा, हसला की दोन्ही गालांना खळ्या. त्याच्यातून अण्णा काढायचे म्हणजे भोपळ्यातून वीणा काढण्यासारखं. पण वीणा भोपळ्याचीच होते.

मी म्हटलं, होईल.

८ जानेवारी

ताईला सांगितलं. ती मशीनवर ब्लाउजच्या बाह्या जोडत होती. मान वर न करता म्हणाली, "कशाला हवंय त्यांना तरुणपण? म्हातारे बरे आहेत की."

ताईला आमच्या धंद्यातलं काही कळत नाही. तेहतीस वर्षांत एकदाच नाटकाला आली, माझं पहिलं नाटक होतं तेव्हा, पास होता तिसऱ्या रांगेचा. मध्यंतरातच उठून घरी गेली. खुर्च्या पायाला त्रास देतात म्हणाली. तिचा उजवा पाय गुडघ्यातून वाकत नाही. मी नऊ वर्षांचा असताना दादा तिला सायकलवर डबलसीट घेऊन चालला होता आणि एका जीपने दोघांना उडवलं. दादा जागच्या जागी गेला. ताईचा पाय गेला. जीपवाला कधी सापडला नाही. त्यानंतर आईबाप होते तोवर होते, पण मला वाढवलं ताईनेच.

आमच्या घरी मालिका लागते ती मी असलो तर. ती तेव्हा स्वयंपाकघरात काहीतरी काढते.

११ जानेवारी

अण्णांकडे तरुणपणीचा एकही फोटो नाही. "घरं बदलताना गेले सगळे," म्हणाले. एवढा मोठा नट आणि एक फोटो नाही! मी हळहळलो, मग मनातून खूशही झालो. फोटोवरून नक्कल कुणीही करील.

माझ्याकडे त्यांच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा आहे, एका चित्रपटासाठी घेतलेला. त्यातून म्हातारपण वजा करत मागे जायचं. नाक आणि कान आयुष्यभर वाढतात, ते कमी करायचे. ओठ पातळ होत जातात, ते भरायचे. गालाचं मांस खाली ओघळलेलं असतं, ते उचलून जागेवर ठेवायचं. हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी कुठल्याही शाळेत गेलो नाही. अण्णांना गुरू म्हणतो ते त्यांनी दार उघडलं म्हणून, आणि माणसं कशी बघावी हे त्यांच्याकडून उचललं म्हणून. ब्रश कसा धरतात हे त्यांना आजही ठाऊक नाही.

ती गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे, पण लिहिली कधीच नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि बाहुल्यांच्या कारखान्यात चेहरे रंगवत होतो. घरी मातीची डोकी करायचो. एका म्हाताऱ्याचं डोकं इतकं साधलं होतं की ते मी रस्त्याकडच्या खिडकीत ठेवलं होतं. एक दिवस आमच्या बोळात गाडी थांबली. त्या बोळात गाडी म्हणजे नवलच. दारावर टकटक झाली. मी उघडलं तर साक्षात अण्णा, तेव्हा त्यांचं नाव नुकतंच होऊ लागलं होतं. माझ्या तोंडून निघालं, "खिडकीतलं डोकं बघायला आलात ना?" ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो." ताई शिवणाच्या क्लासला गेली होती, नाहीतर तिनेही तो क्षण पाहिला असता. पुढच्याच आठवड्यात मी नाटक कंपनीत होतो.

अण्णा पुढे मुलाखतींमधून सांगायचे, "मी खिडकीत डोकं पाहिलं आणि करकचून ब्रेक दाबला." ऐकलं की आजही माझी मान ताठ होते.

१७ जानेवारी

अण्णा नको तिथे लुडबुड करतात. आज साच्यापाशी येऊन म्हणाले, "नाक जरा सरळ कर, कारागीर. आणि केस कुरळे ठेव."

"तुमचे कुरळे होते?"

"असतील."

"असतील म्हणजे? तुमच्या डोक्यावरचे भोवरे मी तेहतीस वर्षं विंचरतोय. हे केस जन्मात कुरळे नव्हते."

हसले, पण ओठांनीच. वय झालं की माणसाला तरुणपण होतं त्याहून देखणं हवं असतं. मी ऐकणार नाही.

आणखी एक. त्यांच्या डाव्या भुवईत एक जुना व्रण आहे. केसांत दडलेला, पण क्लोज-अपला चकाकतो म्हणून मी रोज झाकतो. लहानपणी झाडावरून पडलो असं त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. आज साच्यावर भिंग धरून पाहिलं. लहानपणीचा व्रण कवटीबरोबर वाढतो, पसरतो, जागेवरून सरकतो. हा हललेला नाही. हाडं वाढायची थांबल्यानंतरचा आहे. म्हणजे पंचविशीच्या आसपासच तो ताजा असणार! दारूच्या नशेत कुठेतरी आपटले असतील आणि झाड पुढे केलं असेल. मोठ्या माणसांची अशी लहान लहान झाकपाक असते.

दिग्दर्शकाला भुताच्या चेहऱ्यावर जखम हवीच आहे. ती कुठे द्यावी यावर तो आणि लेखिका भांडत होते. मी काही बोललो नाही. जागा मला सापडली आहे.

२४ जानेवारी

आज चाचणी झाली. चॉकलेट पहाटेपासून खुर्चीत होता, तरी एकदाही कुरकुरला नाही. नाक, जबडा, कपाळाचा उंचवटा, दातांवर पातळ टोपी. शेवटी डावी भुवई उघडली: बरोबर त्या व्रणाच्या रेषेत, पण आज झाल्यासारखी ताजी खोक. कातडी दुभंगलेली, आत लाल, रक्ताचा ओघळ गालावरून हनुवटीपर्यंत.

पोरगा आरशात बघून म्हणाला, "मामा, मला माझीच भीती वाटतेय."

"तू कुठे आहेस त्यात?" मी म्हटलं.

त्याला शूटिंगच्या फ्लोअरवर नेलं. दिग्दर्शकाने हातातला चहा खाली ठेवला. एवढं पुरे होतं मला. मग अण्णा आले. पोरगा वळला. अण्णा दारातच थबकले आणि चौकटीला हात लावून उभे राहिले.

बऱ्याच वेळाने माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "जखमेचं कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्या भुवईनेच सांगितलं."

"काढून टाक."

"अण्णा, अख्खा चेहरा तिच्यावर उभा आहे."

दिग्दर्शक मध्ये पडला, "काढायची कसली? प्रोमोत तीच जाणार!" अण्णा तडक गाडीकडे गेले. गाडीत बसताना मात्र काच खाली करून विचारलं, "तुझी ताई बघते का रे ही मालिका?"

"छे. तिला भुतांचा कंटाळा आहे."

बरं म्हणाले. तेहतीस वर्षांत ते आमच्या घरी पुन्हा आले नाहीत, पण ताईची आठवण काढल्याशिवाय एक महिना जात नाही. तिच्या पायाच्या दुसऱ्या ऑपरेशनला मोठा डॉक्टर त्यांनीच गाठून दिला होता. अशी माणसं आता कुठे आहेत!

२ फेब्रुवारी

आज रागातच लिहितोय.

आज प्रोमो लागायचा होता. मी ताईला हाताला धरून स्वयंपाकघरातून आणलं, खुर्चीत बसवलं, पायाखाली स्टूल दिलं. म्हटलं, आयुष्यात एकदा माझं काम नीट बघ. प्रोमो लागला. अंधारातून चेहरा पुढे येतो, भुवई फाटलेली, आणि भूत कॅमेऱ्यावर वाकून बघतं. मी पडद्याकडे पाहत नव्हतो, ताईकडे पाहत होतो. माझं सर्वांत चांगलं काम पाहून तिला काय वाटतं ते मला हवं होतं.

तिने टीव्ही बंद केला.

रिमोट खाली ठेवला, भिंतीला धरून उठली आणि आत गेली. मी मागोमाग गेलो.

"काय झालं?"

"काही नाही. कूकर लावायचाय."

"निदान बरं-वाईट काही बोल!"

"चांगलं आहे."

'चांगलं आहे' म्हणे! शेजारच्या बाईने फॉल-पिको पाहून म्हणावं तसं. लोकांचे फोन येताहेत, आणि माझ्या घरात ही किंमत. जेवलो नाही.

५ फेब्रुवारी

प्रोमो दर तासाला आहे. ताईने टीव्हीवर चादर टाकली आहे. धूळ बसते म्हणाली.

९ फेब्रुवारी

आज जसं घडलं तसंच लिहितो.

रविवार, सुट्टी. दुपारी ताई काजं करत बसली होती. माझ्या डोक्यातून ते जात नव्हतं. मी म्हटलं, "तुला त्यात काहीतरी खटकलंय. मला तोंडावर सांग. मी ऐकून घेईन. चूक असेल तर दुरुस्त करीन."

"राहू दे ना, बाळ्या."

"नाही. सांग."

तिने सुई कापडात खोचली. म्हणाली, "रक्त गालावर आलं नव्हतं. डोळ्यात गेलं होतं."

मी लगेच वाद घालू लागलो. हे आता लिहिताना माझं मलाच नवल वाटतं, पण मी खरंच वाद घातला. म्हटलं, "तसं नसतं ताई. भुवईच्या हाडाला बाहेर उतार असतो. डाव्या भुवईवरचं रक्त कानशिलाकडे जातं, मग गालावर येतं. मी पाणी सोडून बघितलंय."

"माणूस उभा असला तर."

"म्हणजे?"

"तो वाकला होता ना. माझ्यावर वाकून बघत होता. त्याच्या पापणीवरून माझ्या ओढणीवर पडलं."

मशीनचं चाक कुणीतरी हाताने थांबवावं तसं माझं डोकं थांबलं. बाहेर कुणाचा तरी पंप चालू होता, तो तेवढा ऐकू येत होता. मी विचारलं, "कोण वाकला होता?" आणि विचारत असतानाच मला कळलं.

ती सांगत गेली. माझ्याकडे न बघता, काजं मोजल्यासारखी. सकाळची वेळ होती, नीट उजेड होता. जीपमधून एक तरुण उतरला, भुवई फुटलेली. जवळ आला, वाकला, बघितलं. मागच्या गाडीतून पोरं ओरडली, तसा पळाला. चेहरा तिने पोलिसांना सांगितला, पण चेहऱ्यावरून कोण सापडतं?

"मग तू नाटकाला आलीस..."

"तिसऱ्या रांगेतून काय, दहाव्या रांगेतूनही ओळखला असता."

"तेव्हापासून तुला माहीत आहे?"

"हो."

"आणि तू मला रोज त्याच्याकडे जाऊ दिलंस?"

आता तिने वर पाहिलं. "त्या कारखान्यातून तू घरी यायचास ना, तर हातपायसुद्धा न धुता भिंतीकडे तोंड करून पडायचास. नाटकात लागल्यावर जिना चढतानाच तुझी शीळ ऐकू यायची. मी काय करायला हवं होतं? सांग ना. दादा तर परत येणार नव्हता."

मला तिच्या पाया पडायला हवं होतं. मी म्हटलं, "तुम्ही दोघांनी मिळून मला फसवलंत." आणि चपला घालून बाहेर पडलो.

१० फेब्रुवारी

अण्णा सकाळी येऊन खुर्चीत बसले आणि नेहमीसारखे डोळे मिटून म्हणाले, "कर सुरू, कारागीर."

मी दाराला कडी घातली. "अण्णा, जीप कुणाची होती?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. हात मात्र खुर्चीच्या हातांवरून उचलून मांडीवर घेतले.

"नाटक कंपनीच्या मालकाची," म्हणाले. "प्रयोग संपल्यावर रात्रभर प्यायलो होतो. पुलापर्यंत आधी कोण पोचतो अशी पैज होती. तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नसायचं. मला वाटायचं, आपल्याला काही होत नाही."

"तुम्हाला कुठे काय झालं?"

"नाही झालं."

आरशात आम्ही दोघे दिसत होतो. मला दादाबद्दल विचारायला हवं होतं. कुणीही तेच विचारलं असतं. पण माझ्या तोंडून भलतंच निघालं आणि त्याची मला अजून लाज वाटते. मी विचारलं, "खिडकीतलं डोकं पाहून तुम्ही ब्रेक दाबला होता ना?"

त्यांनी डोळे उघडले.

"मी घर शोधत होतो तुमचं. पत्ता दहा वर्षं खिशात होता. काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं. तू दार उघडलंस आणि म्हणालास, डोकं बघायला आलात ना? मी हो म्हटलं. खिडकीत डोकं होतं हे मला तुझ्याकडून कळलं रे."

म्हणजे ती गोष्ट मीच त्यांना दिली. त्यांनी ती माझ्यासमोर, शेकडो लोकांसमोर, अभिनय करून सांगितली. आणि दर वेळी टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिला.

"म्हणजे उपकार केलेत."

"पहिल्या वर्षी पाप फेडत होतो. नंतर नाही. नंतर लोभ होता. तुझ्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही, हे मी तुझ्या गळ्याची शपथ घेऊन..."

"माझ्या गळ्याची घेऊ नका."

हे ते खरं बोलत असतील. कदाचित असतीलही. पण हा माणूस पोटासाठी खोटं रडतो आणि अख्खं नाट्यगृह त्याच्याबरोबर रडतं. त्याचं खरं मी आता कसं ओळखू? माझ्या हाताची पारख केली ती या एकाच माणसाने. बाकी सगळे त्याच्या शब्दावर चालले, मीसुद्धा. मी चांगला आहे की नाही हे मला आता कुणाला विचारता येणार नाही.

दारावर थाप पडली. "अण्णा, शॉट रेडी!"

मी त्यांचा मेकअप केला. पूर्ण केला, नेहमीसारखाच. अर्धवट काम मी करत नाही.

१२ फेब्रुवारी

ताई आणि मी एकाच घरात आहोत, पण बोलणं मीठ-पाण्यापुरतंच. आज ती म्हणाली, "मालिका अर्धवट सोडू नकोस माझ्यासाठी." मी म्हटलं, "तुझ्यासाठी काही करत नाहीये मी." हे बोलणं जिव्हारी लागलं असणार. लागू दे म्हटलं, आणि लगेच वाईट वाटलं.

१७ फेब्रुवारी

आज शेवटच्या भागाचा मोठा प्रसंग होता. आचार्य आपल्या तरुण भुतासमोर उभे राहतात आणि शिष्यांच्या देखत कबुली देतात. लेखिकेने लिहिलेलं वाक्य साधं होतं: 'भिंत कोसळली तेव्हा मी मित्राला सोडून पळालो.'

अण्णांनी दिग्दर्शकाला बाजूला घेतलं. "मला माझ्या शब्दांत बोलू दे. एकदाच."

"अण्णा, तुम्हाला नाही कोण म्हणणार?"

मी कॅमेऱ्यामागे होतो, हातात स्पंज आणि टिपकागद घेऊन. समोर चॉकलेट, त्याच्या तोंडावर माझे अण्णा. अण्णा त्याच्याकडे बघत बोलू लागले. भिंतीचं नावच नाही. "सकाळ होती. रस्ता रिकामा होता. मला वाटलं रस्ता माझाच आहे. सायकलवर दोघं होती, बहीण-भाऊ. मुलगी निपचित पडली होती. मुलगा जिवंत होता. मी त्याच्याजवळ गेलो. तो म्हणाला, पाणी. गाडीत पाणी होतं. मी त्याला पाणी न देता पळालो."

मुलगा जिवंत होता.

दादा जागच्या जागी गेला असं मी नऊ वर्षांचा असल्यापासून धरून चाललो होतो. त्या एका गोष्टीवर आमच्या घराने आपलं दुःख कसंबसं टेकवून ठेवलं होतं. ते खोटं होतं हे मला आज कळलं, दिव्यांच्या उजेडात, तीस माणसांच्या गर्दीत, स्पंज हातात असताना.

शिष्य झालेली मुलगी खरीच रडत होती. मग दिग्दर्शक ओरडला, "कट! अण्णा, नमस्कार तुम्हाला!" आणि टाळ्या. लेखिका म्हणाली, "पण रस्ता कुठून आला? आपलं तर पडकं घर आहे." दिग्दर्शक म्हणाला, "घराची ऐशीतैशी. रस्ता शूट करू. अण्णा, हेच एकदा क्लोज-अपला?"

मला वाटलं, नाही म्हणतील. हे माणूस दोनदा बोलू शकत नाही.

अण्णा म्हणाले, "लेन्स कुठली आहे?"

आणि बोलले. सगळं तसंच. 'पाणी' या शब्दाआधी तेवढंच थांबले. डोळा त्याच शब्दावर भरला, आणि थेंब त्याच बाजूने निघाला. मग कॅमेरा शिष्यांच्या खांद्यावरून लावून आणखी एकदा झालं.

दोन टेकच्या मध्ये मला आत जावं लागलं, रंग ओघळला होता म्हणून. मी कागद टेकवला तेव्हा अण्णा ओठ न हलवता पुटपुटले, "ऐकलंस ना?"

मी म्हटलं, "हलू नका."

निघताना दिग्दर्शक आनंदाने माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "उद्या सकाळी रस्त्यावर यायचं. सायकल आणली आहे. त्या पडलेल्या मुलाचा चेहरा तुम्हीच करायचा, दुसऱ्याला जमणार नाही. मरताना तहान दिसली पाहिजे, काय? ओठ वगैरे."

१७ फेब्रुवारी, संध्याकाळ

दोन दिवसांनी हे घराघरांत दिसणार आहे. ताईला तिसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा मी सांगावं म्हणून तिच्यासमोर जमिनीवर बसलो. आठ दिवसांनी प्रथमच तिच्या डोळ्यांत बघून बोललो. म्हटलं, "ताई, एक ऐक. दादा लगेच गेला नव्हता."

"माहीत आहे."

"तू तर बेशुद्ध होतीस."

"नव्हते. हलता येत नव्हतं फक्त."

मी अण्णांचं सगळं बोलणं तिला सांगितलं. पाण्यापाशी आलो तेव्हा तिने मला थांबवलं.

"पाणी कोण म्हणालं?"

"दादा. पाणी मागितलं ना त्याने."

"नाही मागितलं." ती इतक्या साध्या आवाजात बोलली की मला आधी नीट कळलंच नाही. "तो म्हणाला, हिला आधी उचला. ते ऐकून हा माझ्याकडे वळला. मग वाकला. बघितलं माझ्याकडे. मी त्याचा हात धरला होता, बाळ्या. मनगटाला धरला होता. त्याने माझी बोटं सोडवली, एकेक करून."

ती बोटं माझ्यासमोर होती, सुईने टोचून टोचून टणक झालेली. मी ती हातात घेतली. बराच वेळ दोघं तसेच बसलो. मग तीच म्हणाली, "ऊठ आता. पाय अवघडतील तुझे."

१८ फेब्रुवारी

गेलो नाही. सकाळपासून फोन वाजत होता, आधी सहायकाचा, मग दिग्दर्शकाचा. उचलला नाही. दुपारी अण्णांचा आला. उचलला.

मागून वाऱ्याचा आणि माणसांचा आवाज येत होता, रस्त्यावरच असणार. म्हणाले, "कारागीर, सगळे खोळंबलेत. तू ये. नाहीतर येऊ नको, पण माझ्याशी बोल. मी सगळ्यांसमोर कबूल केलं ना? आणखी काय करू?"

"त्याने पाणी मागितलं नव्हतं."

पलीकडे बराच वेळ नुसता वारा.

"नाही," अण्णा म्हणाले. त्यात अभिनय नव्हता. असेलही. "पण 'पाणी' हा शब्द तोंडातून निघतो रे. तो खरं जे म्हणाला ते नाही निघत. मी करून पाहिलं. घरी आरशासमोर किती वेळा करून पाहिलं."

मी फोन ठेवला. ताईने आतून विचारलं, "कोण होतं?"

"कुणी नाही," मी म्हटलं, आणि बंद केलेला फोन खणात टाकून तिच्या मशीनला तेल घालायला बसलो.